चौकटीबाहेरचं अंगण

३ फेब्रुवारी

ताई,

आधी चष्मा लाव, मग वाच. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायला तू तयार नाहीस, तेव्हा माझं अक्षर गिचमिड आहे अशी तक्रार करायची नाही.

तुझा मुलगा मजेत आहे. 'मामाच्या हाताखाली राहिला तर माणसात येईल,' म्हणून तू त्याला धाडलंस, ते बरं केलंस. पकडीने वायर सोलताना आतली तार तुटू देत नाही आता. हे साधं वाटतं, पण साधं नाही.

आमच्या इमारतीच्या कॅमेऱ्याचं काम मला मिळालं. मिळालं म्हणजे सेक्रेटरी स्वतः जिने चढून आला. आधी टाय लावलेली दोन माणसं बघून गेली होती. त्यांनी कॅमेरा अशा जागी सुचवला की दुपार झाली की ऊन थेट भिंगात. मी कुठल्या शाळेत हे शिकलो नाही, पण ऊन कुठून येतं एवढं मला कळतं. मी पहिल्या मजल्याच्या वळणावर, कठड्याच्या वर लावला. तिथून फाटक, मधलं झाड, सायकलींची शेड आणि तळमजल्याचं ते एक दार, असं सगळं अंगण एका नजरेत येतं.

ते दार दातवाल्याचं. तो मुसलमान, तुला माहीत आहे. डॉक्टर नव्हे, डॉक्टर लोक मापं पाठवतात आणि हा घरी बसून कवळ्या करतो. माझी वरची कवळी त्याच्याच हातची. बसवली त्या दिवशी मी तुला फोनवर 'षटकोन' म्हणून दाखवलं होतं आणि तू म्हणालीस, 'कोण?'

रेकॉर्डरची डिस्क लहान आहे. सगळंच साठवत बसलं तर आठवड्यात भरते. म्हणून काही हललं तरच साठवायचं, अशी सोय असते. पण झाडाचं पान हललं तरी यंत्राला वाटतं चोर आला. त्यासाठी पडद्यावर एक चौकट आखायची. तिच्या आत हललं तर साठव, आणि साठव तेही फक्त चौकटीतलंच चित्र, बाहेर काही का होईना.

सेक्रेटरी म्हणाला, "दातवाल्याच्या दाराभोवती आखा."

"आणि फाटक?"

"फाटकातून आपलीच माणसं ये-जा करतात."

"शेड?"

"शेडमध्ये काय आहे? गंजक्या सायकली." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही शहाणे आहात. मुलगा बघितलात ना त्याचा, शिकून परत आलेला?"

मी बघितला होता. चौकट आखली. तुझा मुलगा शेजारी बसून बघत होता, त्याला कारणासकट समजावलं. हे आम्हा तिघांतच आहे, तूही कुठे बोलू नकोस. लोकांना वाटू दे की सगळं टिपलं जातं. कॅमेऱ्याचं निम्मं काम धाकावर चालतं.

तुझा धाकटा

२६ फेब्रुवारी

ताई,

तू विचारतेस, 'दातवाल्याने तुझं काय घोडं मारलंय?' मारलेलं नाही. पण मारल्यावर बघून काय उपयोग?

मी रोज सकाळी चहाबरोबर आदल्या दिवसाचं बघतो. जे दिसतं तेच लिहितो, पदरचं काही नाही. पांढऱ्या पुडीची पोती येतात. गुलाबी पुडीचे डबे येतात. पातळ औषधाचे पत्र्याचे डबे येतात, त्याचा वास नाकातून थेट टाळूला जातो. बायकोचं डोकं दुखतं म्हणून ते डबे तो शेडमधल्या कपाटात ठेवतो. दातांना हे सगळं लागतं, मला माहीत आहे. माझ्या समोरच कालवून माझी कवळी केली त्याने. पण इतकं लागतं?

आणि मुलगा. गेल्या वर्षीपर्यंत गच्चीवर जाताना जिन्यात शिट्टी वाजवत चढायचा. आता दाढी, गाणी बंद, पहाटे बाहेर. शुक्रवारी मित्र येतात, दाराशी चपलांचा ढीग, आणि आत सगळे हळू बोलतात. सज्जन माणसाला हळू बोलायचं काय कारण?

तुझ्या मुलाबद्दल मात्र निश्चिंत राहा. तो फोन करत नाही, कारण फोन त्याने पथकाच्या प्रमुखाला देऊन टाकलाय. 'मोह नको,' म्हणाला. आपल्याच धर्माच्या मुलांचं सेवापथक आहे इथे. पहाटे प्रार्थनेला जातो, जमिनीवर झोपतो. दाढी राखली आहे, शोभते त्याला. परवा जेवताना मी रेडिओ लावला तर ताटावरून उठला. मनाला जरा लागलं. पण या वयात कशावर तरी निष्ठा असणं वाईट नाही. तुझ्याकडे होता तेव्हा काय करायचा? पत्तेच कुटायचा ना?

कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या काचा फुटल्या. न्हावी दातवाल्याच्याच जमातीचा. लोक म्हणतात, पथकातल्या पोरांनी फोडल्या. असेल, पोरं आहेत, रक्त गरम असतं. तुझा मुलगा त्यात नव्हता. मी विचारलं नाही, पण नव्हता.

तुझा धाकटा

१७ मार्च

ताई,

तू मला वेड्यात काढत होतीस ना? आता वाच.

शुक्रवारी पहाटे शेड पेटली. दातवाल्याच्या कपाटातले डबे एकेक करून फुटले, खिडक्यांच्या काचा हादरल्या. वॉचमन आत झोपला होता, त्याचे दोन्ही पाय भाजलेत, दवाखान्यात आहे. धुरात त्याला काही म्हणजे काही दिसलं नाही.

पण माझ्या कॅमेऱ्याला दिसलं. दातवाल्याचं दार उघडतं, त्याचा मुलगा कॅन घेऊन धावत बाहेर पडतो. मग परत येतो, पुन्हा कॅन घेऊन बाहेर. दोन वेळा. चेहरा स्वच्छ, दाढीचा केस न् केस मोजून घे. इन्स्पेक्टर म्हणाला, "इतकं स्पष्ट चित्रण आम्हाला क्वचित मिळतं." त्याच दिवशी मुलाला नेलं. घरात स्फोटकांचा साठा, असं पेपरात आलंय. 'अतिरेक्यांचा अड्डा' असा मथळा आहे. सगळी इमारत दाराशी येऊन गेली. जी बाई कधी मान वर करून बघत नव्हती, ती म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून वाचलो." सेक्रेटरीने पाठीवर थाप मारली.

मी फार बोललो नाही. काम चोख केलं की ते आपणच बोलतं.

तुझ्या मुलाने दाढी काढून टाकली. उकाडा वाढला म्हणतो. तुला ती आवडणार नव्हतीच, आता खूश हो. उजव्या हाताला पट्टी आहे, सोल्डरिंगची गन लागली, म्हणून चार ओळीही लिहू शकत नाही. त्या पहाटे तो प्रार्थनेला गेला होता.

दातवाल्याने मला जिन्यात गाठलं नाही, याचं मात्र नवल वाटतं. दार बंद ठेवून बसलाय. मनात काहीतरी असल्याशिवाय माणूस असा गप्प बसत नाही.

तुझा धाकटा

२९ मार्च

ताई,

तुझं पत्र दोन ओळींचं. 'कॅमेरा सगळं अंगण बघतो असं तूच लिहिलं होतंस. मग शेड पेटवताना कोण दिसलं?'

मला आधी राग आला. नर्सची नोकरी केलीस म्हणून पोलिसी प्रश्न विचारायची गरज नव्हती. आणि पाकीट पुन्हा चिकटवल्यासारखं का दिसत होतं? तूच चिकटवलंस की वाटेत कोणी उघडलं? मला इथे हल्ली कोणाचाच भरवसा वाटत नाही.

उत्तर देतो. कॅमेरा सगळं बघतो, पण साठवतो फक्त चौकटीतलं. शेड चौकटीत नाही. ती मी बाहेर ठेवली.

तुझं पत्र खिशात ठेवून मी मूळ चित्रण पुन्हा काढलं. मूळ म्हणतो, कारण पोलिसांना दिलं ते कापलेलं. कोणालाही चित्रण देताना माणूस दिसतो तिथून पुढचं द्यायचं, आधीचं रिकामं कापायचं, ही माझी रीत. नुसतं बंद दार कोणाला बघायचंय? सेक्रेटरीही म्हणाला होता, "मोजकं द्या, साहेबांना वेळ नसतो." मी कापलं. सवयीनेच.

त्या कापलेल्या तुकड्यात काय आहे ते सांगतो. दार बंद आहे. बाहेरची कडी लोंबतेय, म्हणजे आतून लावलेलं. आणि दारावर नारिंगी उजेड नाचतोय. तो उजेड हलला म्हणूनच यंत्र जागं झालं. बराच वेळ नाचतोय, मग कुठे दार उघडतं.

म्हणजे आग आधी आणि मुलगा नंतर.

मी तीन वेळा बघितलं. दर वेळी वाटलं, आता दार आधी उघडेल.

याचा अर्थ तो सुटला असं नव्हे. आधी पेटवून, आत येऊन, कडी लावून पुन्हा बाहेर आला असेल. असं मी दिवसभर स्वतःला सांगत होतो. पण पेटवायला जाताना दारातूनच गेला असता ना? दार चौकटीत आहे. त्या आधी रात्रभर त्या दारात चिटपाखरू हललेलं नाही.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. ज्याने पेटवलं तो कॅमेऱ्यासमोरून अख्खं अंगण ओलांडून गेला. या इमारतीत सगळ्यांना वाटतं की कॅमेरा सगळं टिपतो. मग हा कसा घाबरला नाही?

पुढचं लिहायला आज हात होत नाही.

तुझा धाकटा

७ एप्रिल

ताई,

माझी कवळी तडकली. ते चित्रण बघताना मी दात खात असतो, हे मला तोंडात कटकन आवाज आल्यावर कळलं.

दुसरा कवळीवाला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तो पंधरा दिवस लावतो. मी तुकडे रुमालात बांधले आणि तळमजल्यावर गेलो. दार उघडणारी त्याची बायको मला बघून आत गेली. तो टेबलाशीच होता. त्याने नुसता हात पुढे केला. मी रुमाल दिला आणि तोंडावर पंजा धरून बसलो. वरचे दात गेले की माणसाचा अर्धा रुबाब जातो, ताई, आणि बोलणं तर सगळंच जातं. फू फू होतं नुसतं. त्यामुळे तो बोलत राहिला आणि मी ऐकत राहिलो.

गुलाबी पूड, त्यावर ते पातळ औषध, तोच वास. कालवता कालवता म्हणाला, "मुलाला दाराच्या फटीतून उजेड दिसला. शेडमध्ये वॉचमन झोपतो, हे त्याला माहीत होतं. कधीमधी चहा द्यायचा त्याला. प्लास्टर भिजवायच्या पाण्याचा हा कॅन उचलला आणि पळाला."

पायाने दाखवला. पांढरा, वाकड्या तोटीचा. मी ओळखला, चित्रणात त्याची तोटीसुद्धा दिसते. त्यात काय आहे हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, कारण उत्तर मी आधीच ठरवलं होतं.

"दुसऱ्या खेपेला पाणी टाकून त्याने वॉचमनला बखोटीला धरून बाहेर ओढला. मी पोलिसांना म्हटलं, कॅमेरा सगळं अंगण बघतो, बघून घ्या. ते म्हणाले, बघितलं, तुमच्या मुलाशिवाय त्यात कोणीच नाही." तो जोड घासत होता. "तुम्हाला विचारायला यावं असं मनात आलं. मग बायको म्हणाली, त्यांच्या कामात चूक नसते, आख्खी इमारत सांगते. विचारून काय करणार?"

कवळी धुऊन माझ्या हातात दिली. "आ करा. चावा. दुखतंय कुठे?"

मी मान हलवली.

"आता बोला," तो म्हणाला.

ताई, बोलायला दात होते, समोर माणूस होता. आणि मी काय बोललो? "किती झाले?"

"काही नाही. तडा माझ्याच जोडात गेलाय. माझ्या कामातली खोट, तिचे पैसे कसे घेऊ?"

वर आलो. तुझा मुलगा खिडकीत बसला होता.

"हात दाखव," मी म्हटलं.

"कशाला?"

"सोल्डरिंगचा ठिपका पडतो. असा मनगटापर्यंत पसरत नाही. हे माझे हात बघ, ठिपकेच ठिपके आहेत."

"मामा, तू माझ्यावर संशय घेतोस?"

"हो."

"घरच्या माणसावर? आणि त्यांच्यावर नाही?"

"त्यांच्यावर घेऊन झाला."

तो पट्टीचं टोक कुरतडायला लागला. मग म्हणाला, "वॉचमन आत असेल असं वाटलं नव्हतं. प्रमुख म्हणाले, नुसतं कपाट पेटवा, घाबरून निघून जातील. भडका एवढा मोठा होईल हे..." आणि एकदम मान वर करून, "मला एकट्याला काय बोलतोस? चौकट तूच आखलीस ना?"

याच्यावर मी त्याला मारणार होतो. हात उचललाही. खाली आला तो आपोआपच.

डिस्क भरत आली की जुनं पुसून त्यावर नवं साठवते. त्या पहाटेचं चित्रण अजून आठवडाभर टिकेल, फार तर. मी काहीही केलं नाही तरी ते पुसलं जाईल, आणि कोणी म्हणणार नाही की मी पुसलं. दातवाल्याचा मुलगा आत राहील, तुझा बाहेर राहील, आणि माझ्या कामात चूक नसते हेही तसंच राहील.

तुझं पोर आहे. तू सांग. मी तुझ्या हाताखाली वाढलो, तुझा शब्द कधी मोडला नाही.

तुझा धाकटा

१९ एप्रिल

ताई,

तुझ्या उत्तरासाठी थांबलो असतो तर डिस्क थांबली नसती. म्हणून थांबलो नाही. तुझा शब्द मोडला की नाही, ते मला अजून माहीत नाही.

रेकॉर्डर खुंटीवरून काढला, धक्का लागू नये म्हणून टॉवेलात गुंडाळला आणि काखेत धरून अंगण ओलांडलं. खिडक्या उघडत गेल्या. ज्या बाईने मला 'तुम्ही होतात म्हणून वाचलो' म्हटलं होतं, ती पडद्याआड सरकली. फाटकाशी सेक्रेटरी. "काय नेताय?" मी म्हटलं, "माझं काम." काखेत गाठोडं असलेला माणूस किती वाईट दिसतो, हे मी दोन महिने पडद्यावर बघत होतो. स्वतः कधी झालो नव्हतो.

तुझ्या मुलाला म्हटलं होतं, चल माझ्याबरोबर, आपल्या पायाने गेलास तर बरं. तो पायरीवर बसून राहिला. मी फाटकाबाहेर पडलो तेव्हा मागे पावलं वाजली नाहीत.

इन्स्पेक्टरने पूर्ण चित्रण बघितलं. मग पहिला प्रश्न मला अपेक्षित होता तोच. "चौकटीबाहेरचं साठत नाही, हे कोणाकोणाला ठाऊक होतं?"

"तिघांना."

"तुम्ही, सेक्रेटरी. तिसरा?"

मी पाणी मागितलं. प्यालो. मग सांगितलं.

संध्याकाळी त्याला घरातून नेलं. रडला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. प्रमुखाला अजून कोणी हात लावलेला नाही. तो समाजसेवक आहे, त्याची चौकशी 'सवडीने' होईल, असं ऐकतो.

दातवाल्याचा मुलगा चौथ्या दिवशी घरी आला. पेपरात त्याच्याबद्दल एक ओळ आहे, आतल्या पानावर, खाली. तुझ्या मुलाबद्दल पहिल्या पानावर आहे: 'भरकटलेला तरुण'. त्याचं लहानपण आहे, वडील लवकर गेले ते आहे, आईने कष्टाने वाढवलं ते आहे. 'अतिरेकी' हा शब्द कुठेच नाही. मी दोनदा शोधला. आणि खोटं कशाला बोलू, तो नाही म्हणून मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, दातवाल्याच्या मुलाला लहानपण होतं की नाही, हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि तो तर माझ्यासमोर शिट्टी वाजवत जिना चढायचा.

इमारतीत मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाला, "चूक आणि कट यात फरक असतो. पोराच्या हातून चूक झाली. घरचं भांडण घरात मिटवायचं सोडून यांनी..." वाक्य पुरं केलं नाही, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी विचारलं, "महिन्यापूर्वी तो कट होता. तेव्हा शेड तीच, आग तीच, वॉचमनचे पाय तेच. बदललं काय?" सगळे उठले आणि खुर्च्या घडी करायला लागले. आता जिन्यात मला कोणी ओळख दाखवत नाही. माझ्या खिडकीखाली दोघं-दोघं उभे राहून हळू बोलतात. हळू बोलणारी माणसं सज्जन नसतात, असं मी तुला लिहिलं होतं. ते खरंच असेल तर मला आता कडी नीट लावली पाहिजे.

रेकॉर्डर पोलिसांकडे आहे. मी माझ्या पदरचा दुसरा बसवला आणि चौकट पुसून टाकली. आता पान हललं तरी साठवतो. सेक्रेटरी म्हणाला, "डिस्क आठवड्यात भरेल." म्हटलं, भरू दे, मी बदलत जाईन.

दातवाल्याचा मुलगा परवा जिन्यात दिसला. दाढी तशीच आहे. मला ती अजून खुपते, ताई. डोळ्याला लागलेली सवय एका रात्रीत जात नाही. मी बाजूला झालो. तोही झाला. दोघेही थांबलो, कोण आधी जाणार म्हणून. शेवटी तो गेला. शिट्टी वाजवली नाही.

आज तुझं पत्र आलं. पाकीट जाड होतं, मला वाटलं चार पानं शिव्या असतील. आत एकच ओळ आणि बाकी कोरा कागद घडी घालून भरलेला. 'सांगू नकोस' असं तू लिहिलं नाहीस. 'सांग' असंही नाही. नुसतं विचारलंस, 'हात किती भाजलाय?'

म्हणजे माझ्या त्या सोल्डरिंगच्या ओळीवर तू तेव्हाच विश्वास ठेवला नव्हतास.

तर उत्तर देतो, नर्सला देतात तसं. उजवा हात, तळव्यापासून मनगटापर्यंत, अंगठ्याकडची बाजू जास्त. फोड फुटून नवी कातडी येतेय, पू नाही. मी काल भेटीच्या वेळी मलम देऊन आलो, त्यांनी आत घेतलं. बोटं वळतात. पकड धरता येईल. व्रण राहील.

भेटीची वेळ सकाळची असते. तू येशील तेव्हा मी फाटकाशी उभा राहीन.

तुझा धाकटा